आमच्या जिन्याचा कठडा आणि नवा मॅनेजर

भाडेकरू खोली सोडून गेला की मागे दोनच गोष्टी उरतात. भिंतीतले खिळे आणि किस्से. खिळे मामाजी पकडीने उपटून एका डब्यात ठेवतात, पुढच्या भाडेकरूला लागतील म्हणून. किश्शांना डबा नाही. ते जिन्यात, अंगणात, आत्याबाईंच्या भाजी निवडण्यात साचत जातात आणि घरात नवी सून आली की सगळे तिच्या अंगावर ओतले जातात. सून न बोलणारी असेल तर जरा जास्तच. मी न बोलणारी आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. चिखलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली बिल्डिंग आहे. खाली आम्ही राहतो, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. मामाजी बसच्या आगारात मेकॅनिक होते. माझे मिस्टर औषध कंपनीत, म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस मोटरसायकलवर. मोठे भाऊजी पुण्यात.

यंदा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे एकच विषय चालला होता. बिल्डिंगला मॅनेजर ठेवायचा की नाही? त्या दिवसांतलं, आणि थोडं त्याच्या आधीचं, हे सांगतेय.

*

आधी पाना समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्या नळाला पाणी कधी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा, आणि वेळ तर कधीच सांगून येत नाही. अंगणात एकच नळ. पिण्याचं पाणी प्रत्येकाने खाली येऊन भरायचं. सगळ्यांचं भरून झालं की मग पाइप हौदात. त्यामुळे नळ आला हे सगळ्या बिल्डिंगला एकाच वेळी कळणं फार महत्त्वाचं.

मामाजी रिटायर झाले तेव्हा आगारातल्या लोकांनी निरोपाला शाल, नारळ आणि एक भलामोठा पाना दिला. शाल आत्याबाईंनी ट्रंकेत ठेवली, नारळाची चटणी झाली. पाना जिन्याखाली खुंटीला लटकला. नळाने पहिली फुरफुर केली की मामाजी तो घेऊन जिन्याच्या लोखंडी कठड्यावर तीन ठोके देतात. ठण्, ठण्, ठण्. कठडा खालपासून गच्चीपर्यंत एकसंध आहे. आवाज थेट वर जातो.

आत्याबाई म्हणतात, "आगारात होते तवा दिवसभर पाने आपटत. घरी येऊन आपटू नका म्हटलं तर बिल्डिंगच बांधली."

*

खोली पाहायला कोणी आलं की मामाजी पगार विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, अंडी-मटण विचारत नाहीत. फक्त एक प्रश्न.

"झोप कशी आहे?"

एकदा एक बँकेतले साहेब आले होते. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. आत्याबाईंना एकदम पसंत. त्यांनी सांगितलं की ते कानात बोळे घालून झोपतात, भूकंप झाला तरी उठत नाहीत. मामाजींनी त्यांना चहा पाजला, गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेले आणि दुसऱ्याची खोली दाखवून परत आले.

मी साखरखेर्ड्याची. मला पाहायला आले तेव्हा पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, स्वयंपाक विचारून झाला. मग मामाजींनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरी, तुही झोप कशी आहे?"

माझ्या काकांचा घास तोंडातच राहिला. आईने वडिलांकडे पाहिलं. मी खाली मान घालून म्हटलं, "सावध आहे."

"झालं," मामाजी म्हणाले. "पसंत आहे आपल्याले."

माझी माहेरची आत्या लग्नाच्या दिवसापर्यंत म्हणत होती की त्या घरात काहीतरी आहे, नीट चौकशी करा. लग्नानंतरच्या आठवड्यात दुपारी जरा डोळा लागला होता, तेवढ्यात पाना वाजला. अंगावरच्या नव्या साडीसकट मी घागर घेऊन अंगणात उभी. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "म्हनलं होतं ना?"

*

दुसऱ्या मजल्यावर काळे सर राहतात. शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या आईला अजिबात ऐकू येत नाही. तरी पाना वाजला की सगळ्यात आधी खाली येतात त्या काळेआजीच.

मला वाटायचं, नातू वगैरे हलवत असेल. घरात नातूच नाही. मग एकदा वर गेले तेव्हा दिसलं. आजींची खाट खिडकीला लागून आहे. खिडकीच्या गजांपासून बाहेरच्या कठड्यापर्यंत एक लोखंडी पट्टी वेल्डिंग केलेली. पाना खाली वाजतो, गज वर थरथरतो आणि आजींचा हात झोपेतही गजावर असतो.

ती पट्टी कोणी मारली हे विचारायची गरज नव्हती. वेल्डिंग बघूनच कळतं, बस दुरुस्त करणाऱ्याचं आहे. बिल्डिंग पडेल, पट्टी पडणार नाही.

पहिली कळशी आजींची, हा अंगणातला नियम. मामाजी त्यांना माय म्हणतात. आजी छोटी पितळेची कळशी काठोकाठ भरून घेतात, कंबरेवर ठेवतात आणि हिंदकळू नये म्हणून तिच्या तोंडावर तळहात धरून जिना चढतात. मामाजी दर वेळी मागून ओरडतात, "माय, अर्धी भरत जा वं." दर वेळी. ऐकू येत नाही हे माहीत असून.

*

वंदनाताई पहिल्या मजल्यावर ब्लाऊज शिवतात. त्यांच्या मुलीची सुपारी फुटायची होती. दुपारचा कार्यक्रम, गच्चीवर मांडव, नवरदेवाकडची माणसं गावातलीच. पंचमंडळी बसली, मुलीच्या कपाळाला कुंकू लागलं, बोलणी अगदी मानपानाच्या नाजूक जागी आली. वरमाय रुसायच्या बेतात होती.

ठण्, ठण्, ठण्.

वंदनाताई हातातलं ओटीचं ताट ठेवून पळाल्या. सिस्टर पळाल्या. त्या वंदनाताईंच्या शेजारच्या, सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. काळेआजी तर पोहोचल्या होत्या. गच्चीवर पाहुणे आणि नवरी एवढेच उरले. सगळ्यांना वाटलं, आता सोयरीक मोडली.

मामाजी अंगणात रांग लावत होते. वंदनाताईंची घागर भरली आणि मागून एक अनोळखी हात बादली घेऊन पुढे आला. नवरदेवाचे वडील. "सवय आहे हो," ते ओशाळून म्हणाले. "आवाज आला आन् पाय निंघाले."

त्यांच्यामागे वरमाय हंडा घेऊन उभी. हंडा आमचाच होता.

मानपानाचं पुढे कोणी काढलंच नाही.

*

आता मॅनेजर.

पोळ्याच्या आधी मामाजी ओल्या जिन्यावरून घसरले. हातात पाना होता, तो सोडला नाही, म्हणून गुडघा गेला. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. संध्याकाळी पुण्याहून भाऊजींचा फोन आला. बाबांनी आता हे सगळं बंद करायचं, आपण मॅनेजर ठेवू.

भाऊजींचा पुण्यात एक जास्तीचा फ्लॅट आहे. तिथे मॅनेजर आहे. फ्लॅटमध्ये कोण राहतं हे भाऊजींना माहीत नाही आणि ते त्यांनी फोनवर अभिमानाने सांगितलं.

मिस्टर म्हणाले, दादाचं बरोबर आहे, मी कुठे घरी असतो? आत्याबाई म्हणाल्या, "मॅनेजर येऊन काय करीन? हे काय करतेत ते पाहत बसीन. आन् हे, तो काय करते ते."

मला कोणी विचारलं नाही. नव्या सुनेला भाजीत मीठ विचारतात.

मामाजींनी गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मी भाडेकरूयले इचारतो. त्यायची बिल्डिंग आहे. ते म्हनतीन तसं."

*

डॉक्टरांचं न ऐकता ते दुसऱ्या दिवशी जिना चढले. आत्याबाईंनी मला मागे पाठवलं, पडले तर धरायला. मी कशी धरणार होते कोण जाणे.

आधी वंदनाताई. त्यांनी मशीन थांबवली, खुर्ची पुसली, मामाजींचा पाय स्टुलावर ठेवला. मॅनेजरचं ऐकल्यावर लगेच म्हणाल्या, "ठेवा ना काका. किती दिवस करसान? पाय तर पाहा."

मामाजी मान डोलावून म्हणाले, "हाव."

मग सिस्टर. त्यांनी आधी गुडघा दाबून पाहिला आणि रागावल्याच. मॅनेजर ठेवा, उद्याच्या उद्या ठेवा, आणि पुन्हा जिना चढलात तर मी बोलणार नाही.

"हाव," मामाजी म्हणाले.

दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर ते कठडा धरून थांबले. मला वाटलं, दुखतंय. त्यांनी वर पाहिलं. काळे सर त्यांचे जुने दोस्त, खाली आले की पेपरवर भांडणारे. मामाजींच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. चढले.

काळे सरांनी गणितासारखं समजावून सांगितलं. वय वाढतंय, गुडघा कमी होतोय, पाणी तेवढंच आहे. उत्तर एकच.

आजी खाटेवर बसल्या होत्या. त्यांना मामाजींनी विचारलं नाही. विचारून ऐकू आलं नसतं. नुसते हात जोडले. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे, आणि गजावर हात ठेवून बसून राहिल्या.

उतरताना मामाजी मला म्हणाले, "सारेच म्हनतेत, ठेवा."

दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाले, "चांगले लोकं आहेत."

*

सागर नावाचा मुलगा आला. सव्वीस-सत्तावीसचा, डिप्लोमा झालेला, बोलायला नम्र. चिखलीत आणखी काही बिल्डिंगा बघायचा. दिवाळीपर्यंत ट्रायल, मग पक्कं ठरवायचं आणि ते मामाजींनी ठरवायचं, असं भाऊजींनी फोनवर सांगितलं.

मामाजींनी त्याला समोर बसवलं. "झोप कशी आहे?"

"गाढ आहे काका," सागर म्हणाला. "पण सिस्टीम झोपत नाही."

आणि खरंच झोपत नाही हो. मी सागरच्या विरुद्ध बोलायला बसलेले नाही. त्याने नळाची लाइन थेट हौदात वळवली. पाणी आलं की मोटर आपली आपण सुरू, टाकी भरली की आपली आपण बंद, मध्ये फिल्टर, आणि प्रत्येकाच्या ओट्यावर पिण्याच्या पाण्याची तोटी. रांग नाही, जागरण नाही, जिना नाही. वंदनाताईंची कंबर दुखायची थांबली. सिस्टरांना ड्युटीवरून आल्यावर झोप मिळायला लागली. अंगणातला जुना नळ त्याने काढला नाही, मागून नुसतं कनेक्शन तोडलं.

एके सकाळी त्याने जिन्याच्या कठड्याला चंदेरी रंग दिला. वर्षानुवर्षं पाना बसून कठड्यात एक खळगा झाला होता, तोही लांबी भरून, घासून बुजवला. काम झाल्यावर मामाजी पाहायला आले. बोटाने ती जागा चाचपली. सापडली नाही.

"काका, आता इथं काही आपटू नका," सागर हसून म्हणाला. "रंग उडतो."

"नाई, नाई," मामाजी म्हणाले. "आता कायले आपटतो?"

त्या दिवशी त्यांनी पान्याला तेल लावलं आणि परत खुंटीला टांगला.

*

एका संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना वंदनाताई भेटल्या. आता त्या क्वचितच भेटायच्या. सगळेच क्वचित भेटायचे. काळे सरांचं पेपरवरचं भांडणही बंद झालं होतं, कारण ते पाणी भरायला खाली यायचे आणि मग भांडायला थांबायचे. नुसतं भांडायला कोण खाली येणार?

वंदनाताईंनी विचारलं, काका हल्ली दिसत नाहीत, पाय कसा आहे?

मी म्हटलं, पाय बरा आहे.

मग कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या, "मले तर तवाच नव्हता पाहिजे मॅनेजर. कोनालेच नव्हता. पन काका स्वतः एवढा जिना चढून इचारून राह्यले, म्हटलं त्यायलेच पाहिजे असंल. नाई म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं त्यायले."

मी हातातली चादर घडी करायची विसरले.

"आता काय," त्या म्हणाल्या. "पोरगंही चांगलं आहे."

*

दसऱ्यानंतर पहिल्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. सागरने मोबाइलवर खोली दाखवली, मोबाइलवर ठरलं. आजपर्यंतचे हे पहिले भाडेकरू, ज्यांना कोणी झोप विचारली नाही.

मामाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर उन्हाला बसले होते. नवा माणूस गॅसची टाकी घेऊन आला. थांबला. अगदी अदबीने म्हणाला, "काका, कोणाकडे आलात? कोणी भेटत नाही का?"

मी दारातच होते. पुढे होऊन सांगणार, तेवढ्यात मामाजी उठून बाजूला सरकले आणि त्याला वाट दिली.

"बसलो होतो जरा," ते म्हणाले. "जातो."

आणि आमच्याच घरात आले.

*

दिवाळी झाली. भाऊबीजेला भाऊजींना पुण्याहून यायला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो, तेव्हा बाबांनी पक्कं काय ते सांगावं, असा निरोप होता. मिस्टर दौऱ्यावर निघून गेले होते. आत्याबाई अंगणात वाळवणाची पोती झटकत होत्या.

मामाजींनी आंघोळ केली, स्वच्छ धोतर नेसलं, चहा घेतला. मग मला म्हणाले, "बाई, दादाचा फोन आला तर तूच सांगजो. ठेव म्हना मॅनेजर. कायमचा."

मी म्हटलं, "तुम्हीच बोला ना, मामाजी."

"तूच सांग. तुह्या तोंडून बरं वाटते. तू जास्त बोलत नाई."

ते बाहेर गेले. खुंटीवरून काहीतरी निघाल्याचा आवाज आला. मी दारात पोहोचेपर्यंत त्यांनी पाना उचलला होता.

ठण्.

चंदेरी रंगाची खपली उडाली.

ठण्, ठण्.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग वर कड्या वाजल्या. काळेआजी जिन्यातून उतरताना दिसल्या, कंबरेवर पितळेची कळशी. त्यांच्यामागे काळे सर, हातात घागर, चष्मा विसरलेले. वंदनाताई गळ्यात टेप तशीच घेऊन आल्या. सिस्टर अर्ध्या झोपेत, बादली घेऊन. नवा भाडेकरू रिकाम्या हाताने आला आणि सगळ्यांकडे पाहत उभा राहिला. अंगणातला नळ कोरडा आहे, हे त्यालाही माहीत होतं.

आत्याबाईंनी पोतं खाली ठेवलं, आत गेल्या आणि आमचा हंडा घेऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

मामाजी नेहमीसारखे नळाशी जाऊन उभे राहिले. "सर, तुमची घागर मांगं घ्या. मायची पुढं येऊ द्या."

काळे सरांनी घागर मागे घेतली.

आजींनी कळशी नळाखाली ठेवली. मामाजींनी तोटी फिरवली आणि वाकून, कळशी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, तोटीवर हात ठेवून उभे राहिले. आत घरात फोन वाजायला लागला. मी गेले नाही. मग त्यांनी तोटी बंद केली.

"झाली, माय."

आजींनी कळशी उचलून कंबरेवर घेतली, तिच्या तोंडावर तळहात धरला आणि जपून, एकेक पायरी, जिना चढायला लागल्या.

"माय," मामाजी मागून ओरडले, "अर्धी भरत जा वं."